ओकवर स्टेन केल्यावर पुन्हा पुन्हा येणारे डाग आणि चट्टे: कारण कसं ओळखायचं, काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. नव्या फ्लॅटसाठी ओकचं डायनिंग टेबल करून घेतलं, स्टेन (लाकडात मुरणारा रंग) वॉलनट छटेचा निवडला, पॉलिशवाल्याने हात फिरवला तेव्हा टेबल झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर एका बाजूला गडद पट्टे, पायांच्या जोडापाशी फिकट ठिपके आणि एका कोपऱ्यात निळसर काळे डाग. त्याने घासून परत केलं, परत तेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भाऊ, डब्ब्यातच गडबड हाय. कंपनी बदलून पाहा."

कंपनी बदलते, डाग राहतात. स्टेनचा डबा खराब निघाला असं होऊ शकतं, पण फार क्वचित. बहुतेक वेळा डाग स्टेन लावायच्या आधीच लाकडावर बसलेला असतो, स्टेन फक्त तो दाखवून देतो.

नागपुरातल्या मिस्त्रींचा हात सागवानावर तयार झालेला आहे, आणि का होऊ नये? बल्लारशाहचा लाकडाचा डेपो विदर्भातच, आलापल्लीचं सागवान नावाजलेलं, २०२३ साली उघडलेल्या संसदेच्या नव्या इमारतीतही नागपूरहून गेलेलं सागवान आहे. सागवानात मुळातच तेलाचा अंश असतो, पाण्याला ते सहसा दाद देत नाही आणि त्याचा स्वतःचा रंग एवढा दमदार की स्टेन थोडा मागेपुढे झाला तरी खपून जातो. ओक असा समजूतदार नाही. त्यात टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर असतं आणि वसंतात वाढलेल्या लाकडाच्या पट्ट्यात मोठमोठी छिद्रं रांगेने असतात. ओकवरच्या तक्रारी बहुतेक या दोन गोष्टींतून किंवा घासाईतून निघतात. सागवानाच्या सवयी ओकवर चालवल्या की काम बिघडतं, हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं आहे.

आधी तो ओकच आहे का, ते पाहा

शोरूममध्ये "ओक फिनिश" म्हणून मिळणारं पुष्कळ फर्निचर रबरवूडवर रंग चढवून केलेलं असतं. काही वेळा तर ओकची छपाई असलेला लॅमिनेट असतो, त्यावर स्टेनचा प्रश्नच येत नाही. व्हीनिअरमध्ये (प्लायवर चिकटवायच्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यात) अ‍ॅश आणि ओक यांची गल्लत सर्रास होते, कारण दोघांच्या रेषा लांबून सारख्याच दिसतात. फरक जवळून कळतो. ओकमध्ये मूळ रेषांना आडव्या जाणाऱ्या चकचकीत चकत्या किंवा बारीक गडद तुकतुकीत रेघा दिसतात. अ‍ॅशमध्ये त्या अशा उठून दिसत नाहीत.

आणखी खात्री हवी असेल तर गंजका खिळा दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि त्या पाण्याचा एक थेंब टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला टाका. ओक असेल तर काही मिनिटांत जागा निळसर काळी होते. हे लक्षात ठेवा, पुढे याच प्रकाराशी आपली गाठ पडणार आहे.

व्हाइट ओक आणि रेड ओक यांतही फरक करा. व्हाइट ओकची छिद्रं आतून बुजलेली असतात, म्हणूनच व्हिस्कीची पिंपं त्याची करतात. रेड ओकची छिद्रं आरपार मोकळी. छोट्या तुकड्याचं एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून जोरात फुंकलं तर रेड ओकमधून बुडबुडे येतात. रेड ओक स्टेन जास्त पितो आणि नंतर ओकतोही जास्त. त्याचा मूळ रंग गुलाबीकडे झुकलेला असतो, व्हाइट ओकचा पिवळसर तपकिरी, कधी किंचित हिरवट. एकाच डब्यातला वॉलनट दोघांवर दोन वेगळे रंग देतो तो यामुळे. "मागच्या कामात तर हाच नंबर मस्त आला होता" या वाक्याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

निळसर काळे डाग

हा सगळ्यात चकवणारा प्रकार, म्हणून याच्यावर जरा जास्त थांबतो.

टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. कलमकारीत हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाच्या पाण्याने काढलेली रेघ काळी उमटते, ती याच रसायनाने. ओकमध्ये हिरड्याचं काम लाकूड स्वतःच करतं. त्याला लोखंडाचा कण आणि थोडं पाणी मिळायचा अवकाश.

हे लोखंड येतं कुठून? घासाईनंतर तारेच्या घासाने पुसण्याची सवय सागवानाच्या कामात असते. त्या घासाचे बारीक तुकडे ओकच्या छिद्रांत अडकतात आणि पाण्यावर आधारित स्टेन किंवा पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) लागलं की एकेक तुकडा काळा ठिपका होतो. ओकवर तारेचा घास वापरूच नका, त्याऐवजी हिरवा किंवा करडा नायलॉनचा स्क्रब घ्या. दुसरं कारण खिळे आणि साधे लोखंडी स्क्रू. ओकला पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू लावा.

तिसऱ्या कारणाकडे कोणाचं लक्ष जात नाही. नव्या फ्लॅटमध्ये एका खोलीत सुतारकाम चालू असतं आणि बाल्कनीत ग्रिलवाला ग्राइंडर चालवत असतो. ग्राइंडरची लोखंडी धूळ हवेतून येऊन घासलेल्या टेबलावर बसते. दिसत काही नाही. ओल्या फडक्याने पुसलं, किंवा रात्री हवेत दमटपणा आला, की सकाळी टेबलभर राखाडी निळे ठिपके. बेसा, मनीषनगरकडे इतकी नवी बांधकामं चालू आहेत की हा प्रकार ठरल्यासारखा दिसतो.

आणि चौथं आपलं खास विदर्भाचं कारण, कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर काम चाललेल्या खोलीत कूलर लागतोच, कारागिरालाही जीव आहे. पण जुना पत्र्याचा कूलर असेल तर त्याच्या टाकीत गंज असतो आणि खसाच्या ताट्यांतून हवेबरोबर बारीक तुषारही सुटतात. ते उघड्या, नुकत्या घासलेल्या ओकवर पडले की दोन गोष्टी होतात. पाण्यात गंज असेल तर निळसर काळा ठिपका. गंज नसेल तरी थेंब पडला तिथले लाकडाचे तंतू फुगून उभे राहतात आणि तेवढ्या जागी स्टेन जास्त गडद बसतो. डाग फक्त खिडकीच्या बाजूला दाट आणि पलीकडे विरळ असतील तर आधी कूलरकडे पाहा. कच्चं लाकूड उघडं असेपर्यंत कूलर दुसऱ्या खोलीत हलवा, नाहीतर टेबल तरी हलवा.

डाग पडलाच तर तो घासून जाईल या भरवशावर राहू नका. तो आत मुरलेला असतो. यावर उपाय ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम पूड, प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी भांडं घेतलंत तर सगळं मुसळ केरात. आधीचा स्टेन आणि सीलर (स्टेनवर मारलेला, छिद्रं बंद करणारा थर) पूर्ण काढलेला हवा, नाहीतर द्रावण आत जाणार नाही. फक्त डागावर न लावता संपूर्ण फळीवर ब्रशने लावा, नाहीतर डाग जाऊन त्या जागी फिकट गोल राहतो. डाग अर्ध्या तासात विरायला लागतो. वाळल्यावर वर पांढरे स्फटिक दिसले तर ते घासू नका, ती धूळ नाका-घशाला जबर झोंबते. भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसून काढा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि ही पूड विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पुसायला शक्यतो फिल्टरचं पाणी घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर काढलेला डाग आपणच परत घालाल.

अ‍ॅसिडचा असर घालवायचा म्हणून खाण्याचा सोडा फासणारेही असतात. ओकवर ते टाळा. क्षार लागला की टॅनिन तपकिरी होतं, आणि एका डागाच्या जागी दुसरा येतो.

गोल भोवरे, आडवे ओरखडे

स्टेन लावल्यावर नखाएवढे गोल गोल भोवरे दिसले तर ते घासाईच्या मशीनचे. ओक कडक असतो, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पडलेले ओरखडे थेट १८० ने जात नाहीत, फक्त झाकले जातात. स्टेनमधला रंग त्यांत जाऊन बसतो आणि ते उघडे पडतात. क्रम ८०, १२०, १५० असा ठेवा, प्रत्येक नंबरनंतर धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा, आणि शेवटचा हात मशीनविना, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, १५० किंवा १८० ने द्या. तेलाच्या स्टेनसाठी इथेच थांबायचं. हौसेने ३२० पर्यंत नेणारे पुष्कळ असतात. हाताला काच लागल्यासारखं वाटतं खरं, पण लाकडाचं तोंडच मिटून जातं आणि स्टेन फिका, निर्जीव बसतो.

टोकाकडची बाजू, जिथे रेषा तुटतात, ती मात्र २२० किंवा २४० पर्यंत न्या. तिथली छिद्रं सरळ उघडी असतात, म्हणून ती बाजू नेहमी काळी पडते. जास्त घासली की ती कमी पिते आणि वरच्या रंगाशी जुळते.

घासाई बरोबर झाली का, हे स्टेनच्या आधी पाहायची सोपी युक्ती अशी की दिवे मालवून मोबाईलचा टॉर्च फळीवर आडवा, अगदी टेकवून धरायचा. एकही भोवरा लपत नाही. मग फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन पुसा. ओलं असेपर्यंत फेव्हिकॉलचे डागही कळतात, ते आजूबाजूच्या लाकडापेक्षा फिकट राहतात.

जोडापाशी फिकट ठिपके

हे फेव्हिकॉल. जोड दाबल्यावर बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला की तो छिद्रांत पसरतो. लाकडावर नजर फिरवली तर काही दिसत नाही, स्टेन लावला की फिकट ढग दिसतात. सागवानावरही हे होतं, पण ओकची छिद्रं मोठी असल्यामुळे गोंद खोल जातो. गोंद पुसूच नका. तो रबरासारखा घट्ट झाला की पटाशीने कापून काढा. स्टेननंतर लक्षात आलं तर तेवढा भाग पत्र्याने खरवडून १५० ने घासून परत स्टेन करा. वर आणखी स्टेन थापल्याने फिकट डाग कधीच गडद होत नाही.

चमकदार, चिकट ठिपके

स्टेन पुसला, फळी एकसारखी दिसली, जेवून आलात आणि बारीक बारीक ओले ठिपके वर आलेले. रेड ओकवर हे हमखास होतं. छिद्रांत उतरलेला तेलाचा स्टेन उष्णतेने पसरून परत वर येतो. टेबल दुपारच्या उन्हात हलवलं तर हमखास. पहिले दोन-तीन तास अर्ध्या अर्ध्या तासाने कोरड्या सुती फडक्याने पुसत राहणं, एवढाच त्यावरचा मार्ग. ठिपके सुकून कडक झाले असतील तर त्याच स्टेनमध्ये भिजवलेल्या नायलॉनच्या स्क्रबने हलकेच चोळा, नवा स्टेन जुन्याला मऊ करतो, आणि लगेच पुसा. हे न करता वर सीलर चढवला तर खालचा स्टेन कधीच नीट वाळत नाही, आणि पुढे पीयू त्या जागी सुटतं.

इथेच एक गंभीर गोष्ट. तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. नागपूरच्या उन्हाळ्यात बंद फ्लॅटमध्ये तर धोका आणखी वाढतो. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. कारागीर संध्याकाळी निघताना हे स्वतः बघा.

गडद पट्टे

टेबलाच्या मध्यावर एखादा गडद पट्टा असेल तर तिथे पहिल्या हाताचा स्टेन वाळल्यावर दुसरा हात चढलेला आहे. एप्रिल-मेमध्ये स्टेन पाहता पाहता वाळतो. ज्या डब्यावर दहा मिनिटांनी पुसा असं लिहिलंय, तो दुपारी एकला दोन मिनिटांतच चिकटायला लागतो. काम सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान करा, पंखा बंद ठेवा आणि दोघांनी मिळून करा, एकाने लावत जायचं आणि दुसऱ्याने मागोमाग पुसायचं. फळी आडव्या तुकड्यांत वाटू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषेच्या दिशेने पूर्ण पट्टी संपवा. स्टेन आधी गोल गोल चोळून छिद्रांत भरायचा, मग रेषेच्या दिशेने पुसायचा. पुसायला कंजुषी नको, फडकी बदलत राहा.

पट्टा पडलाच असेल तर टर्पेंटाइनने, किंवा पाण्याचा स्टेन असेल तर पाण्याने, संपूर्ण फळी एकदम ओली करून पुसून पाहा. ताजा असेल तर बऱ्यापैकी मिटतो.

सीलर मारताना रंग उचलला जातो ही तक्रारही याच्या जवळची. कारण साधं आहे. थिनरमध्ये विरघळणाऱ्या रंगाच्या स्टेनवर थिनरचाच सीलर ब्रशने घासला की रंग त्यात परत विरघळतो. पहिला हात स्प्रेने, पातळ आणि कोरडा मारा. स्टेन, सीलर आणि टॉप कोट शक्यतो एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, मग ती कोणती का असेना.

पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा स्पिरिट पॉलिशवर पांढुरकी साय येते, ती हवेतल्या ओलाव्याने. स्टेनचा तिथे काही संबंध नाही. ऊन पडलेल्या कोरड्या दिवसाची वाट बघा.

रंग निवडताना

घरात जुनं सागवानी कपाट आहे, त्याला जुळेल असा ओक करून द्या, अशी मागणी धरमपेठेपासून महालापर्यंत सगळीकडे असते. माझं मत विचाराल तर नादी लागू नका. रंग जुळेल, छिद्रं जुळणार नाहीत. ओकची छिद्रं गडद रेघांसारखी दिसत राहणारच. फारच हवं असेल तर आधी छिद्रं भरणारा फिलर लावावा लागतो, त्याचा रंगही स्टेनच्या जवळचा हवा, आणि खर्च वाढतो. त्यापेक्षा ओकला ओकसारखा दिसू द्या. व्हाइट ओकवर हलका, मधासारखा स्टेन सुरेख दिसतो.

गुलाबी रेड ओकवर लालसर महोगनी घेतलात तर टेबल विटकरी होतं. थोडा हिरवटपणा असलेला वॉलनट ती लाली मारतो.

स्टेनमध्ये रंगकण असतात किंवा विरघळणारा रंग असतो, काहींत दोन्ही. रंगकण छिद्रांत साचतात, त्यामुळे रेषा ठळक होतात. विरघळणारा रंग सगळीकडे सारखा मुरतो, पण थेट उन्हात लवकर उडतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर टेबल ठेवणार असाल तर रंगकणांचा घ्या.

नमुना दुकानातल्या कार्डावर बघून ठरवू नका. लकडगंजातून किंवा तुमच्या मिस्त्रीकडून त्याच लाकडाचा किंवा त्याच व्हीनिअरचा हातभर तुकडा मागा, टेबलाला जी घासाई तीच त्यालाही करा, अर्ध्या भागावर सीलर आणि टॉप कोटसुद्धा चढवा. कच्चा स्टेन वाळल्यावर नेहमी फिका आणि मळकट दिसतो, खरा रंग वरचा कोट बसल्यावरच उघडतो. मग तो तुकडा दुपारी खिडकीत आणि रात्री तुमच्याच दिव्याखाली पाहा. पिवळ्या एलईडीखाली आणि पांढऱ्या एलईडीखाली तो दोन वेगळे रंग दाखवेल, ते आधीच बघितलेलं बरं. तुकड्याच्या मागे स्टेनचा नंबर, हातांची संख्या आणि पॉलिश पेपरचा नंबर लिहून ठेवा. पॉलिशवाला कुरकुर करेल. करू द्या, त्या तुकड्याचे पैसे वेगळे द्या.

व्हीनिअर असेल तर कुठे थांबायचं

वर जिथे जिथे घासून परत करा असं म्हटलंय, ते भरीव लाकडासाठी. आपल्याकडे ओक बहुतेक प्लायवर चिकटवलेल्या व्हीनिअरच्या रूपात येतो, आणि ते साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. एकदा मशीन फिरली, दुसऱ्यांदा फिरली, की काठावर प्लाय दिसायला लागतो. तिथे मग कुठलाच स्टेन ओकसारखा दिसत नाही. व्हीनिअरवर मशीन नकोच. हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून १८० ने, आणि काठापाशी अगदी हलक्या हाताने.

एकदा घासून झालेलं व्हीनिअर पुन्हा डागाळलं तर तिसऱ्या घासाईचा आग्रह धरू नका. डाग फिके असतील तर सीलरनंतर टॉप कोटमध्येच थोडा रंग मिसळून स्प्रेने पातळ हात मारता येतात, दोन-तीन हातांत फळी एक छटा गडद होते आणि डाग त्यात बुडतात. रेषा थोड्या झाकल्या जातात, तेवढी किंमत मोजावी लागते. काळे डाग खोल असतील किंवा काठावर प्लाय उघडा पडला असेल, तर वरची फळी काढून त्यावर नवं व्हीनिअर चिकटवणंच स्वस्त पडतं. पाय आणि चौकट तशीच राहते, आणि नव्या फळीवर स्टेन लावायच्या आधी कूलर कुठे आहे ते बघता येतं.